डग्ग्यासाठी दोन सब : त्रिमूर्तीनगरच्या खोलीतल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

घर नागपुरात, खोली मागची, दुसऱ्या मजल्यावरची. १४ फूट लांब, ११ फूट रुंद, छत १० फुटांवर. विटांच्या भिंती, खाली फरशी, त्यावर एक जाड सतरंजी. एका लांब भिंतीला मोठी खिडकी, उन्हाळ्यात तिथे कूलर बसतो. आखूड भिंतीपुढे स्टँडवर केईएफ क्यू१५० हे छोटे स्पीकर, भिंतीपासून साधारण मीटरभर पुढे. अ‍ॅम्प जुना इंटिग्रेटेड, पण मागे प्री-आउट (व्हॉल्यूमच्या भागातून बाहेर) आणि मेन-इन (ताकद देणाऱ्या भागात आत) वेगळे आहेत. मधे वाकवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या खोचलेल्या असतात, त्या काढल्या की अ‍ॅम्पचे दोन भाग सुटे होतात. या पट्ट्यांवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सब, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा सबवूफर, कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे. सिनेमे इथे कोणी पाहत नाही. ऐकणं म्हणजे ख्याल, ठुमरी, थोडं नाट्यसंगीत, अधूनमधून जॅझ. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर मधला सा १३८ हर्ट्झच्या जरा वर येतो आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ. क्यू१५० चा कागदावरचा आकडा ५१ हर्ट्झपर्यंतचा आहे. म्हणजे हिशेबाने ख्यालाला काहीच कमी पडायला नको.

पण पडतं. सव्वापाच इंची एकच कोन डग्गाही वाजवतो आणि गळाही, वर त्याच्याच पोटात मधोमध ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, बसवलेला. तोच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. तबलजीने द्रुतात डग्ग्यावर हात दाबला की कोन आत-बाहेर उसळतो आणि त्याच कोनावरून निघणारी तान गढूळ होते. आवाज वाढवला की हे स्पष्ट कळतं. मला सब हवा आहे तो गळा स्वच्छ व्हावा म्हणून. खालचं ओझं छोट्या कोनाच्या डोक्यावरून काढून घ्यायचं, एवढाच उद्देश. खिडक्या थरथरवायच्या नाहीत.

१९ जानेवारी

सब घ्यायच्या आधी खोली मोजली. यूमिक-१ हा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड, जे फुकट मिळतं. माइक कानाच्या उंचीवर, खुर्चीत कोणी नाही.

आधी कागदावरचा हिशेब: आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला, तर लांबीचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा सूर) ४० हर्ट्झच्या किंचित वर, रुंदीचा ५२ च्या आसपास, उंचीचा ५७. लांबीचा दुसरा ८१. आलेखात ४० ला उंचवटा आला, ठीक. पण ८० ते ९० च्या मधे मोठा खळगा. नेमका तिथेच डग्गा. माझ्याकडच्या एका विलंबिताच्या रेकॉर्डिंगमध्ये घिस्सा घेताना, म्हणजे डग्ग्यावर हात घासत नेताना, सूर साधारण ७५ पासून ११० पर्यंत चढतो. म्हणजे तो सरळ या खळग्यात उतरून पलीकडे निघतो. मधला भाग ऐकूच येत नाही. इतके दिवस वाटायचं, रेकॉर्डिंगच तसं आहे.

खळगा कोणाचा हे शोधायची रीत सोपी आहे. स्पीकर हलवून खळगा सरकला, तर तो स्पीकर आणि मागची भिंत यांच्यातला. माइक हलवून भरला, तर तो बसण्याच्या जागेचा. इथे दोन्ही निघाले. स्पीकरचं तोंड भिंतीपासून मीटरभर, त्यामुळे मागे जाऊन परत येणारा आवाज ८६ हर्ट्झला अर्धी लहर मागे पडतो आणि पुढच्या आवाजाला खातो. आणि खुर्ची समोरच्या भिंतीपासून साडेदहा फुटांवर, म्हणजे १४ च्या बरोबर पाऊण. लांबीचा दुसरा मोड त्या जागी शून्य असतो. नकाशा काढून खुर्ची ठेवली असती तरी इतकी अचूक बसली नसती.

खुर्ची नऊ फुटांवर आणली. खळगा निम्मा भरला. खर्च शून्य. उरलेला निम्मा भिंतीचा आहे, तो स्पीकर हलवून जाणार नाही, फक्त वर-खाली सरकेल. भिंतीला चिकटून बसणाऱ्या सबला मात्र हा त्रास नाही, कारण त्याच्या मागे जागाच उरत नाही. म्हणजे क्रॉसओव्हर, सब आणि स्पीकर यांच्यातली वाटणीची रेघ, ८० ला न ठेवता १०० च्या आसपास न्यायला हवा, की हा सगळा पट्टा सबकडे जाईल.

२ फेब्रुवारी

धरमपेठेतल्या मित्राचा होम थिएटरचा सब काही दिवसांसाठी आणला आहे. बारा इंची, पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला), दोघांनी मिळून जिना चढवावा लागला. घ्यायचा नाही, फक्त जागा शोधायला.

जागा शोधायचा जुना उपाय केला: सब खुर्चीच्या जागी ठेवायचा, त्यावर एकच खालचा सूर लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत कान लावत जायचं. जिथे सूर सरळ ऐकू येईल ती सबची जागा. कोपऱ्यात आवाज दुप्पट, खिडकीखाली जवळजवळ गुल, पुन्हा दाराकडे दुप्पट. आई दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, “काय सांडलं रे?”

मग डाव्या कोपऱ्यात ठेवून ऐकलं. पहिली पाच मिनिटं प्रेमात पडण्यासारखी. नंतर लक्षात यायला लागलं की प्रत्येक “धा” च्या मागे एक शेपूट आहे आणि ते पुढच्या बोलावर पाय देतं. मित्राचं म्हणणं, पोर्टवाले सब असेच, संगीताला बंद पेटीच हवी. आलेख वेगळं सांगतो. शेपूट ४० हर्ट्झला आहे. पोर्टचं ट्यूनिंग २० च्या घरात. म्हणजे शेपूट खोलीचं आहे, कोपऱ्यात ठेवल्याने खोलीचा मोड पूर्ण जागा होतो. बिचाऱ्या पोर्टवर उगाच आळ. “फास्ट बास” ही दुकानातली भाषा आहे. ४० हर्ट्झची एक लहर पूर्ण व्हायलाच २५ मिलिसेकंद लागतात, त्यात फास्ट काय आणि स्लो काय.

१६ फेब्रुवारी

निवड.

बंद पेटी की पोर्ट? बंद पेटीचा आवाज खाली जाताना सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा ट्यूनिंगच्या खाली २४ ने. लहान बंद खोली सगळ्यात खालच्या मोडच्या खाली आपणहून थोडा उठाव देते, आणि तो बंद पेटीच्या उताराशी बराचसा जुळतो. १४ बाय ११ च्या खोलीत म्हणूनच बंद पेटी पुरते. शिवाय आकार. पोर्टवाली पेटी इथे कपाटाएवढी जागा खाईल.

एक मोठा की दोन छोटे? दोन. दोन सब दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असले तर रुंदीचा ५२ चा मोड दोघे मिळून एकमेकांचा मारतात. एकच सब बाजूला ठेवून हे होत नाही. हरमनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की चार भिंतींच्या मधोमध चार सब, किंवा समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मधोमध दोन, हे चांगलं. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता: सगळ्या खुर्च्यांवर बास सारखा कसा यावा. माझी खुर्ची एकच. आणि क्रॉसओव्हर १०० ला न्यायचा असेल तर पाठीमागचा सब कानाला कळतो; ८० च्या वर दिशा हळूहळू उमगायला लागते. म्हणून दोन्ही पुढे, स्पीकरांच्या मागे.

यादीत शेवटी उरले दोन. रेल टी/५एक्स: आठ इंची, खाली तोंड, देखणा. रेलची पद्धत स्पीकरला पूर्ण पट्टा वाजवू द्यायचा आणि सब खालून हळूच मिसळायचा. ज्यांचे स्पीकर मोठे त्यांच्यासाठी ते ठीकच आहे. माझा रोग नेमका स्पीकरला पूर्ण पट्टा वाजवायला लावण्यातच आहे. दुसरा एसव्हीएस एसबी-१००० प्रो: बारा इंची, बंद पेटी, ३२५ वॉटचा आतला अ‍ॅम्प, फेज (लहरींची वेळ) आणि ईक्यू (एखाद्या पट्ट्याची पातळी कमी-जास्त करणं) फोनवरून. कोन मोठा, म्हणजे हलायला कमी लागेल. हाच, दोन नग. काळा, साध्या फिनिशचा.

दुकानात जाऊन ऐकून सब निवडावा असं काही जण सुचवत होते. तिथे ऐकू येते ती दुकानाची खोली.

८ मार्च

खोकी आली. सोबत मिनीडीएसपी २×४ एचडी, सब आणि स्पीकर यांना सूर वाटून देणारी छोटी डिजिटल पेटी. अ‍ॅम्पच्या मागच्या पट्ट्या काढल्या: प्री-आउटमधून मिनीडीएसपीत दोन वायरी, तिथून दोन मेन-इनला परत, दोन सबना. व्हॉल्यूमचं बटण प्री भागात असल्यामुळे ते फिरवलं की स्पीकर आणि सब एकदमच वर-खाली होतात. ज्यांच्या अ‍ॅम्पला या पट्ट्या नाहीत त्यांना डॅकच्या (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणाऱ्या पेटीच्या) नंतर लगेच डीएसपी बसवावा लागतो आणि व्हॉल्यूम तिथून किंवा स्ट्रीमरवरून चालवावा लागतो. सब घ्यायच्या आधी अ‍ॅम्पची पाठ बघावी ती यासाठी.

चालू केलं आणि “हंऽऽऽ”. ५० हर्ट्झ, उजव्या सबमधून. वायर हलवली, तसाच. उजवा सब दाराजवळच्या प्लगवर होता, बाकी सगळं खिडकीजवळच्या बोर्डावर. दोन प्लग दोन वेगळ्या सर्किटवरचे. सगळं एका एक्स्टेंशनवर आणलं, आवाज जवळजवळ गेला. उरलेल्यासाठी वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी मीटर लावला: न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात ९ व्होल्ट. “खड्डा सुकला असन,” म्हणाले. खाली पार्किंगमागे अर्थिंगचा खड्डा, वर पालापाचोळा आणि कोणाची तरी जुनी सायकल. काळी माती वाळली की आक्रसते आणि खड्ड्यातली अर्थिंगची धातूची पाटी तिच्यापासून सुटते. मीठ-कोळसा भरून दोन बादल्या पाणी ओतलं. मीटर दोनच्या खाली आला. गुणगुण गेली. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आहे की उन्हाळाभर आठवड्याला एक बादली तिथे ओतावी. अंगठे बरेच आले आहेत, बादली कोणाची येते बघू.

अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्लाही मिळाला होता. तो करू नये. पेटीत २३० व्होल्ट येतात.

१४ मार्च, धुळवड

बाहेर रंग, आत मोजमाप.

सब पुढच्या भिंतीला टेकून, बाजूच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर, दोन्हीकडे. ११ चा चतकोर म्हणजे पावणेतीन. त्या जागी रुंदीच्या दुसऱ्या मोडचाही शून्यबिंदू असतो, त्यामुळे ५२ आणि १०३ दोन्ही झोपून राहतात. आलेखात ५२ चा उंचवटा खरंच दिसत नाही. कागदावरची गोष्ट खोलीत इतकी नीट उतरली की क्षणभर संशय आला, माइक चालू आहे ना.

दोन्ही सबना डाव्या-उजव्याची बेरीज दिली आहे, वेगळे चॅनेल नाहीत. नाहीतर मोड मारायचा फायदा जातो. क्रॉसओव्हर १००, दोन्ही बाजूंनी लिंकविट्झ-रायली फिल्टर, सप्तकाला २४ डेसिबलचा. १९७६ पासून चालत आलेली रीत. क्रॉसओव्हरवर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि फेज जुळली तर बेरीज सपाट. “जुळली तर” यातच सगळा दिवस गेला.

यूएसबी माइकने वेळ मोजायची तर सॉफ्टवेअर आधी एका स्पीकरच्या ट्वीटरमधून एक बारीक चिर्रकन आवाज सोडतं आणि त्याच्यापासून घड्याळ लावतं. निकाल: सब स्पीकरपेक्षा साडेसात मिलिसेकंद उशिरा. त्यातले सव्वादोन अंतराचे, कारण सब भिंतीशी आणि स्पीकर पुढे. उरलेले सबच्या आतल्या डीएसपीचे आणि फिल्टरचे. सबचा आवाज लवकर आणता येत नाही, म्हणून स्पीकरांना मिनीडीएसपीतून उशीर द्यायचा.

शेवटचा सूक्ष्म भाग उलट्या बाजूने केला: दोन्ही सबची पोलॅरिटी (धन-ऋण) मुद्दाम उलटी केली आणि १०० हर्ट्झला खड्डा सगळ्यात खोल कधी पडतो ते शोधलं. बेरीज चांगली झाली की नाही हे आलेखात ओळखणं कठीण, अर्धा-एक डेसिबल इकडेतिकडे. वजाबाकी मात्र खोटं बोलत नाही. ७.१ मिलिसेकंदांच्या उशिरावर खड्डा तीसेक डेसिबल खोल गेला. पोलॅरिटी सरळ केली. झालं.

क्यू१५० च्या मागच्या पोर्टमध्ये स्पंजची गुंडाळी खोचली आहे. आता त्यांना खालचं वाजवायचंच नाही, तर पोर्ट कशाला.

१६ मार्च

खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. “काऊन हो, वरती पिठाची चक्की टाकली का? आमचं टीव्हीचं कपाट थरथरून राहिलं ना जी.”

चहाला वर बोलावलं, मग मी त्यांच्याकडे गेलो आणि मुलाला वरून सूर लावायला सांगितले. ३०: काही नाही. ६०: पुसट. ४०: कपाटाची काच बोलायला लागली. मधे स्लॅब आहे, पण ४० हर्ट्झला स्लॅब म्हणजे पडदाच. सबखाली रबराच्या गाद्या घालून पाहिल्या, फरशीला हात लावला तर थरथर कमी, काकांच्या काचेला फरक नाही. आवाज हवेतून स्लॅबला भिडतो आणि खाली उतरतो. गाद्या आता चटईखाली आहेत.

पुढचं काम ठरलं: ४० कापणे.

३० मार्च, पाडवा

ईक्यू. ४० ला ८ डेसिबल कपात, अरुंद. उंचीच्या ५७ च्या मोडला ३ डेसिबल. ८१ ला अजून थोडा खळगा आहे, तो भरायचा मोह आवरला. शून्यबिंदूत कितीही ओतलं तरी तिथे काही जमा होत नाही, नुसता अ‍ॅम्प तापतो. कापणं सुरक्षित, भरणं नाही.

४० कापल्यावर नुसती पातळी उतरली नाही, शेपूटही आखडलं. हे आधी वाचलं होतं, आता आलेखात दिसलं. आणि काका म्हणाले, काच गप्प आहे. म्हणजे त्यांच्या आणि माझ्या तक्रारीचं मूळ एकच होतं. तरी रात्री नऊनंतर सब बंद, हे त्यांना कबूल केलं आहे.

पातळी: सब स्पीकरांपेक्षा तीनेक डेसिबल वर. मी हळू आवाजात ऐकतो, आणि हळू आवाजात कान खालचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मुन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. सपाट रेघ आलेखात छान दिसते, खुर्चीत फिकी लागते.

मग ते विलंबित लावलं. घिस्सा ७५ पासून ११० पर्यंत एका दमात चढला, मधे कुठे बुडाला नाही, कुठे उसळलाही नाही. क्रॉसओव्हर तपासायला याच्यापेक्षा चांगला सूर मला माहीत नाही, कारण तो हाताने सलग ओढत नेलेला असतो. पियानोसारख्या पायऱ्या नसतात की मधली गाळली तरी चालून जावं. तंबोरा मात्र फारसा बदलला नाही. त्यात मूळ खर्जापेक्षा वरचे स्वरच जास्त बोलतात, आणि ते स्पीकरकडेच आहेत.

गळा. द्रुत सुरू झालं, डग्गा तापला, आणि तान त्याच्या वर सुटी, कोरडी, अक्षर न् अक्षर. डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात पाचव्या-सहाव्या रांगेत बसलं की गायक आणि तबला दोन ठिकाणांहून येतात, एकमेकांत मिसळत नाहीत. तितकं नाही म्हणणार. पण त्या दिशेला. बायकोला न सांगता मिनीडीएसपीतून सब म्यूट केले. तिने डग्ग्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, म्हणाली, “आता आवाज का बसला यांचा?”

१९ एप्रिल

कूलर बसला. खिडकी उघडी, खस लावलेली, बाहेर चाळिशीच्या वर.

आधी वाटलं, गरम हवेत आवाजाचा वेग वाढतो, मोड सरकतील, ईक्यू चुकेल. हिशेब केला: खोली २५ वरून ३३ अंशांवर गेली तर वेग ३४६ चा ३५१ होतो आणि ४० चा मोड अर्ध्या हर्ट्झने वर जातो. काही बिघडत नाही. बिघडवते ती उघडी खिडकी. ३५ च्या खाली खोलीचा उठाव जवळपास गेला आणि ४० चा उंचवटा निम्म्यावर आला, कारण त्याची ताकद आता थेट गल्लीत जाते. ८ डेसिबलची कपात तशीच ठेवली तर तिथे भोक पडतं.

मिनीडीएसपीत चार प्रीसेट, म्हणजे साठवलेल्या मांडण्या, राहतात. दुसऱ्यात ४० ची कपात ४ वर आणली आणि एकूण सब २ डेसिबल वर, कूलरचा घरघराट खालचं झाकतो म्हणून. ३५ च्या खालचं गेलेलं परत आणायचा प्रयत्न केला नाही. ख्यालात तिथे काही नाही आणि गल्लीला ऐकवायचं नाही.

आलाप दुपारी विसराच. तो पहाटे, कूलर बंद करून, पहिल्या प्रीसेटवर.

२७ एप्रिल

उरलेलं:

मागच्या भिंतीवर रॉकवूलचे पॅनेल. चौकटीच्या पट्ट्या लकडगंजहून, वरचं कापड गांधीबागेतून. चार इंच जाडीने ४० हर्ट्झला काही होणार नाही, तिथली पाव लहरच दोन मीटरच्या वर आहे. पण टाळी वाजवली की पुढची आणि मागची भिंत यांच्यात जो खणखणाट येतो तो जाईल.

डाव्या सबची जाळी काढून कूलरची धूळ पुसणे, दर पंधरवड्याला.

मित्राचा पोर्टवाला सब अजून इथेच आहे. तो न्यायला येत नाही आणि मी एकटा उतरवू शकत नाही.

रिमोटच्या पाठीवर आईसाठी चिठ्ठी चिकटवली: १ खिडकी बंद, २ कूलर.